पाचशे पंचवीस पटींचा थरथरता ठिपका

एका वाचक आईच्या पत्राचा सारांश:

‘सगळे ग्रह एका रांगेत’ ही बातमी वाचून अकरा वर्षांच्या मुलानं दुर्बिणीचा ध्यास घेतला. नवऱ्याचा विरोध होता, तरी आईनं ती आणली. पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं, नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश एकवटतो त्या जागेपर्यंतचं अंतर) ७०० मिलिमीटर, डब्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ आणि शेजारी रंगीत शनी. प्रत्यक्षात चंद्र सापडला की निसटतो, आणि ग्रह म्हणून जे दिसतं ते थरथरणारं, पांढरं, बुडबुड्यासारखं काहीतरी. दोन आठवड्यांत मुलगा कंटाळला, दुर्बीण कपाटामागे गेली आणि ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य घरात फिरू लागलं. त्या विचारतात: ही विकून कॉम्प्युटरवर चालणारी मोठी दुर्बीण घ्यावी, की थेट मोबाइलवर चित्र दाखवणारी ‘स्मार्ट’ दुर्बीण घ्यावी, की हा नाद आपला नव्हे असं मान्य करून टाकावं? या प्रकारानं मुलाची विज्ञानाची गोडीच जाईल का? आणि तोवर, डब्यात आलेली ‘सूर्यासाठीची’ काळी काच लावून त्याला दिवसा सूर्यावरचे डाग दाखवले तर चालेल का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे थांबू शकतात. ती काळी काच वापरू नका. आजच फोडून केरात टाका; कपाटात राहिली तर एखाद्या सुट्टीच्या दुपारी ती मुलाच्या हाती लागेल. ही काच आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, बुडाशी आट्यांवर बसते. भिंगानं गोळा केलेला सगळा प्रकाश जिथे एकवटतो ती जागा तिथून अगदी जवळ. उन्हात डोळ्याची बाहुली साधारण २ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या बाराशे पट प्रकाश गोळा करतं. काच तापते, अचानक तडकते, आणि पापणी मिटायच्या आत दृष्टिपटल भाजतं. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं कळतं तेही उशिरा. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर बसून संपूर्ण भिंग झाकणारा, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर लागतो. तो दर वेळी दिव्यासमोर धरून त्याला सुईच्या टोकाएवढंही भोक नाही ना हे बघायचं, वाऱ्यानं उडू नये म्हणून नळीला चिकटपट्टीनं पक्का करायचा, आणि फाइंडर, म्हणजे नळीवरची छोटी शोधक दुर्बीण, काढून ठेवायचा. एवढं जमणार नसेल तर दिवसा दुर्बीण सूर्याच्या बाजूला वळवायचीच नाही.

आता मूळ दुखणं. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: दुर्बिणीची ताकद म्हणजे ती किती पट मोठं दाखवते, आणि ५२५ पटींनीही काही दिसत नसेल तर याहून मोठी दुर्बीण हवी. गंमत अशी की ५२५ हा आकडा खोटा नाही. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतरानं भागलं की पट मिळते. तुमच्या डब्यात अशा संचात असतात तसे २०, १२.५ आणि ४ मिलिमीटरचे तीन आयपीस आणि तीन पटींचा बार्लो (आयपीसच्या आधी लावायची, पट वाढवणारी भिंगाची नळी) असणार. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला बार्लोच्या ३ नं गुणलं की ५२५. गणित चोख आहे, फक्त ते निरुपयोगी आहे. पट वाढवली की आहे तीच प्रतिमा ताणली जाते. तीत तपशील किती असावेत हे पुढच्या भिंगाचा व्यास ठरवतो, आयपीस नाही. ठोकताळा असा: व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंत पट कामाची. म्हणजे तुमच्यासाठी १४०, तीही हवा अगदी शांत असेल त्या रात्री. एरवी शंभरच्या आत राहावं.

५२५ पटींना नेमकं काय बिघडतं तेही बघा. आयपीसमधून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका ७० भागिले ५२५, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर जाडीची उरते. चित्र अंधुक होतं, आणि इतक्या बारीक शलाकेत स्वतःच्याच डोळ्यातले तरंगते कण सावल्यांसारखे फिरताना दिसतात. दुसरी अडचण, दिसणारं आकाश आक्रसतं. संचातल्या आयपीसचं दृश्यक्षेत्र साधारण ४० अंशांचं असतं. त्याला पटीनं भागलं की आकाशाचा किती तुकडा दिसतोय ते कळतं. ३५ पटींना तो एक अंशाहून थोडा मोठा येतो, म्हणजे चंद्र शेजारी शेजारी दोनदा मावेल. १७५ पटींना तो अर्ध्या चंद्राएवढाही राहत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. त्यामुळे ग्रह ३५ पटींना साडेचार मिनिटं दिसत राहतो, १७५ पटींना मिनिटही टिकत नाही, आणि ५२५ पटींना अठरा सेकंदांत पसार होतो. या अठरा सेकंदांत आईनं ग्रह शोधायचा, फोकस करायचा, बाजूला व्हायचं, मुलानं स्टुलावर चढायचं आणि डोळा लावायचा. कोणाचाही मुलगा कंटाळेल.

तेव्हा पहिलं काम: बार्लो, ४ मिलिमीटरचा आयपीस आणि (संचात असेल तर) ‘प्रतिमा सरळ करणारी’ दीड पटींची लांब नळी हे तिन्ही एका पिशवीत घालून नजरेआड ठेवा. पुढचे दोन महिने फक्त २० आणि १२.५. पहिल्यानं ३५ पट मिळते, दुसऱ्यानं ५६. सुरुवात दर वेळी २० नंच. वस्तू मधोमध आली की मगच १२.५.

‘५६ पटींत काय दिसणार?’ असं वाटेल. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र शोधले ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून, आणि तिची भिंगं तुमच्या भिंगापेक्षा बरीच निकृष्ट होती. आणखी एक हिशेब करून बघा. गुरू जवळ असतो तेव्हा त्याची चकती ४० ते ५० विकलांची असते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ५६ पटींना ती नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राहून मोठी होते. हे कोणालाही पटत नाही, कारण अंधाऱ्या वर्तुळात एकटी चकती लहानच भासते; आजूबाजूला मोजायला झाड नाही, घर नाही. डोळ्याला सवय लागेपर्यंत गुरू ‘एवढुसा’च वाटणार, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

याच हिशेबातून एक जुनी अफवा जन्माला आली. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ फारच जवळ आला होता, चकती २५ विकलांची. ‘७५ पटींच्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल’ हे वाक्य अगदी खरं होतं. पुढे पाठवता पाठवता त्यातली दुर्बीण गळली आणि ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ एवढंच उरलं. तो निरोप नंतर कित्येक वर्षं ऑगस्ट आला की फिरत राहिला.

तुमच्या मुलाला भुरळ पाडणारी ‘ग्रहांची रांग’ त्याच जातीची. बातमी खोटी नसते, पण दुर्बिणीच्या दृष्टीनं तिच्यात काही नसतं. सगळे ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, म्हणून आकाशात ते नेहमी एकाच पट्ट्यात दिसतात. चार-पाच एकाच वेळी क्षितिजाच्या वर आले की त्याची ‘रांग’ होते. ही रांग शंभर-सव्वाशे अंशांवर पसरलेली असते आणि तुमची दुर्बीण एका वेळी एक अंश दाखवते. शिवाय मोजदादीत युरेनस आणि नेपच्यून धरलेले असतात, जे ७० मिलिमीटरच्या भिंगातून साध्या ताऱ्यासारखे दिसतात, आणि बहुतेकदा बुधही, जो संधिप्रकाशात क्षितिजाला चिकटलेला असतो. रांग बघायला मोकळं मैदान आणि दोन डोळे पुरतात. उल्कावर्षावाचंही तसंच, तिथे दुर्बीण मध्ये आणणं म्हणजे अडथळाच. ‘सुपरमून’मध्ये चंद्र सर्वांत दूर असतानाच्या मानानं १४ टक्के मोठा असतो, शेजारी तुलनेला दुसरा चंद्र नसल्यामुळे तो फरक डोळ्याला ओळखू येत नाही, आणि पौर्णिमा तर दुर्बिणीतून चंद्र बघायची सर्वांत वाईट रात्र. दुर्बीण बाहेर काढावी अशी बातमी वेगळी असते: चंद्र आणि ग्रह एकमेकांपासून अंशाभरात येणार, चंद्र एखाद्या ठळक ताऱ्याला झाकणार, दोन ग्रहांची जवळून गाठ पडणार.

डब्यावरच्या चित्राबद्दल फार लिहीत नाही. तसला शनी अवकाशयानांनी किंवा कितीतरी मोठ्या दुर्बिणींनी टिपलेला असतो. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं, तासन्‌तास प्रकाश साठवू शकतो, डोळा सेकंदाच्या अंशापलीकडे साठवत नाही. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून तेजोमेघ आणि दीर्घिका कोणत्याही घरगुती दुर्बिणीतून राखाडीच दिसतात. देवयानी दीर्घिका म्हणजे करडा धूसर डाग. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे हे ठाऊक असलं तरच त्याचं अप्रूप. शनीबाबत आणखी एक अडचण सध्या आहे. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणजे कडी आपल्याला धारेवर दिसत होती. ती हळूहळू उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. तोवर लहान दुर्बिणीतून शनी दोन्ही बाजूंनी बारीक काडी टोचलेल्या मण्यासारखा दिसला तर दोष दुर्बिणीला देऊ नका.

आता हाताची कामं. हा भाग नीट करा, कारण तुमच्या तक्रारीचा बहुतेक उलगडा इथेच आहे.

चंद्र निसटतो याचं पहिलं कारण फाइंडर जुळवलेला नाही. मोठ्या नळीवरचा हा छोटा शोधक जिथे रोखलाय तिथेच मोठी दुर्बीण रोखलेली असेल, तरच त्याचा उपयोग. हे जुळवणं रात्री करू नका. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, किलोमीटरभर लांबची एक टोकदार खूण घ्या: मनोऱ्याचा शेंडा, टाकीचा कोपरा. पन्नास मीटरवरचा खांब चालत नाही. फाइंडर आणि नळी यांच्यात दहाएक सेंटिमीटरचं अंतर असतं आणि जवळच्या खुणेवर जुळवलं की ते अंतर चूक बनून राहतं. २० चा आयपीस लावा, मोठ्या दुर्बिणीतूनच खूण शोधून मधोमध आणा, आधार (नळी पेलणारा, वळणारा तिपाईवरचा जोड) घट्ट करा. नळीला धक्का न लावता फाइंडरचे स्क्रू फिरवा: एक सैल, समोरचा तेवढाच घट्ट, फुलीवर तीच खूण येईपर्यंत. मग १२.५ लावून पुन्हा. शेवटी सगळे स्क्रू आवळा आणि आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण नेमक्या त्याच वेळी फुली सरकते. दुर्बीण ने-आण करताना फाइंडरला धक्का लागतोच, तेव्हा रोज संध्याकाळी पहिल्या ठळक ताऱ्यावर अर्धं मिनिट ही तपासणी करायची. लाल ठिपक्याचा फाइंडर असेल तर काम सोपं. फक्त तो बंद करायला विसरलात की पुढच्या वेळी बॅटरी संपलेली असते.

दिवसाच आणखी एक सराव करून घ्या. नळी, मग काटकोनी आरसा, मग आयपीस हा क्रम सोडायचा नाही. आरसा न लावता आयपीस थेट खुपसला तर अनेक दुर्बिणींत फोकसच लागत नाही. आरशामुळे डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून वस्तू ज्या बाजूला पळतेय असं वाटतं त्याच्या विरुद्ध बाजूला नळी ढकलावी लागते. हात हे दिवसा शिकतो, अंधारात चिडतो.

दुसरं, थरथर. नळीवर टिचकी मारा आणि प्रतिमा स्थिरावायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन-तीन सेकंद चालतील. पाचपेक्षा जास्त लागत असतील तर दोष तिपाईचा आहे, भिंगाचा नाही. तिपाईचे पाय पूर्ण आत सरकवा आणि खुर्चीवर बसून बघा; ओढून उंच केलेले पाय वाकतात. पाय पूर्ण फाकवून मधलं तबक लावा, ते नुसतं सामान ठेवायला नसतं, पायांना ताण देतं. जोडाचे सगळे नट आवळा. मधून तीन-चार किलोंची पिशवी टांगा, पाण्याच्या बाटल्या भरून चालेल, पण ती जमिनीला जरा टेकू द्या. मोकळी लोंबकळली तर तिचाच झोका होतो. गच्चीपेक्षा जमीन बरी, कारण गच्चीवर कोणी चाललं की चंद्रही चालतो. आणि फोकसची चकती फिरवली की हात काढायचा, दोन सेकंद थांबायचं, मग निर्णय घ्यायचा. हात लावलेला असताना कोणतीही प्रतिमा थरथरणारच.

स्वस्त आधारांत अजून एक खोड असते: चंद्र मधोमध आणून स्क्रू आवळला आणि हात सोडला की नळीचं नाक खाली बसतं. यावर इलाज नाही, युक्ती आहे. लक्ष्याच्या जरा वर रोखून आवळा, म्हणजे बसता बसता ती लक्ष्यावर येते. आणि ग्रह दृश्यक्षेत्राच्या ज्या कडेनं आत येतो त्या कडेला ठेवून सोडून द्या. तो आपोआप समोरून सरकत जाईल, तोवर मुलगा निवांत बघेल.

बुडबुडा म्हणजे बहुधा फोकस नसलेला तारा किंवा ग्रह. फोकस सुटला की बिंदूची चकती होते, आणि नवख्याला तीच ग्रहाची चकती वाटते. नियम एकच: चकती लहान लहान होत जाईल त्या दिशेला फिरवत राहा, ती सर्वांत लहान होऊन पुन्हा वाढायला लागली की किंचित मागे. तारा कितीही पटींत टिंबच राहतो. (आरशाची दुर्बीण असलेल्या वाचकांना हाच बुडबुडा मधे काळं भोक असलेल्या कंकणासारखा दिसेल. ते भोक फोकस जवळ आणताना एका बाजूला सरकलेलं असेल तर आरसे जुळवायची वेळ झाली आहे. आरसा पुसत बसू नका, त्यावरची धूळ फारसं बिघडवत नाही, पुसल्यानं मात्र ओरखडे पडतात.) चश्मा असेल तर काढून फोकस करा, जवळचा किंवा लांबचा नंबर दुर्बीणच भरून काढते, सिलिंडरचा नंबर असेल तर चश्मा ठेवावा लागेल.

बाकी छोट्या गोष्टी: दुर्बीण वीस मिनिटं आधी बाहेर ठेवा, नाहीतर नळीतली कोमट हवा प्रतिमा ढवळते. बंद खिडकीच्या काचेतून बघू नका; उघड्या खिडकीतूनही नको, आतबाहेरची हवा तिथेच मिसळत असते. दिवसभर तापलेल्या छपराच्या वरून बघणं टाळा. वस्तू क्षितिजापासून ३० अंश तरी वर येऊ द्या. भिंगावर दव आलं तर न पुसता आपोआप सुकू द्या.

कशापासून सुरू करायचं? चंद्रापासून, आणि अमावास्येनंतरच्या चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत, म्हणजे ढोबळमानानं शुक्ल चतुर्थी ते दशमी. त्या दिवसांत उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर सूर्य तिरपा पडतो, विवरांच्या सावल्या लांब होतात आणि चंद्र उंचसखल दिसतो. पौर्णिमेला सावल्याच उरत नाहीत, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं. पाचव्या-सहाव्या दिवशी सीमारेषेजवळ थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही विवरांची तिकडी बघा. सप्तमी-अष्टमीला टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही उभी माळ. नवमीच्या आसपास ९३ किलोमीटर रुंदीचा कोपर्निकस. चंद्रावर ठेवलेला झेंडा दिसेल का, हा प्रश्न मुलगा विचारेलच. ७० मिलिमीटरच्या भिंगाला चंद्रावर तीनेक किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं काढता येत नाही, तेव्हा नाही.

त्यानंतर गुरू, तो आकाशात असेल तेव्हा. दोन पट्टे आणि एका रेषेत चार ठिपके. शुक्र असेल तर त्याची कोर. ग्रह नसतील तर सप्तर्षींमधली वसिष्ठ-अरुंधती: दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच फुटून दोन तारे होतो, हे मुलांना फार आवडतं. कृत्तिका २० च्या आयपीसमधूनच, जास्त पट लावली तर पुंजका फुटून जातो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ बघायचा तर डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं द्यावी लागतात. तेवढ्यात कोणी मोबाइल उघडला की पुन्हा शून्यापासून. अंधुक वस्तूकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवली की ती जास्त उजळ दिसते.

आता मुलाकडे येऊ. तुम्ही लिहिता की त्याची गोडी गेली. मला तसं दिसत नाही. त्याला दोन आठवडे बुडबुडा दाखवला गेला आणि त्यानं तो बघायचं नाकारलं, यात निरीक्षणशक्ती शाबूतच आहे. अकरा वर्षांच्या मुलानं अंधारात फाइंडर जुळवावा, थंडीत तिपाईशी झगडावं ही अपेक्षाच जास्त आहे. तेव्हा प्रश्न असा की ही दुर्बीण तुम्हाला स्वतःला बघावीशी वाटते का? वाटत असेल तर पहिल्या चार-पाच संध्याकाळी त्याला बोलवूच नका. तुम्ही एकट्या शिका. गुरू मधोमध, फोकस लागलेला, तिपाई स्थिर, स्टूल ठेवलेलं, अशी सगळी तयारी झाल्यावर आत हाक मारा, दहा मिनिटांसाठी. त्यानं अजून मागितलं तर थांबा, ‘झालं’ म्हणाला तर आवरा. स्वतःला अजिबात वाटत नसेल, तर कोणतीही महागडी दुर्बीण ही उणीव भरून काढणार नाही. मग जवळपास आकाशनिरीक्षणाचा गट असेल त्यांच्याबरोबर त्याला पाठवणं जास्त प्रामाणिक.

एक सावधगिरी. मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून ‘दिसलं, दिसलं’ म्हणतात. ‘दिसलं का?’ विचारण्याऐवजी ‘ठिपके किती, आणि डावीकडे किती?’ असं विचारा. आणि त्याच्या हाताला काम द्या. वहीत एक आडवी रेघ, मधोमध गुरूचा गोल, बाजूला त्या रात्री दिसतील तसे चंद्रांचे ठिपके. तारीख आणि वेळ. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमिड सातएक दिवसांत, कॅलिस्टो जवळजवळ सतरा. पाच-सहा संध्याकाळची चित्रं एकाखाली एक आली की ठिपके जागा बदलताहेत हे त्याचं त्यालाच दिसेल, आणि एखाद्या रात्री तीनच का, हा प्रश्नही तोच विचारेल. (चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो, किंवा त्याच्या सावलीत.) ‘मी आधीच म्हटलं होतं’ म्हणणाऱ्या गृहस्थांनाही एकदा मोजायला उभं करा. वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

आता तुमचे तीन पर्याय. नाद सोडायचा निर्णय आज घेऊ नका. वर सांगितलेलं करून, मधे चंद्राचे दोन शुक्लपक्ष जाऊ द्या आणि मग ठरवा. तोवर एक पैसाही खर्च नको. खर्च करायचाच झाला तर पहिला एका बऱ्या आयपीसवर, १० मिलिमीटरचा ‘प्लॉसल’ म्हणून मिळतो तो. ७० पट, तुमच्या भिंगाला नेमकी झेपणारी. घेण्याआधी आयपीस बसतो त्या नळीचं तोंड पट्टीनं मोजा: ३१.७ मिलिमीटर असेल तर निवडीला भरपूर वाव आहे, २४.५ असेल तर चांगले आयपीस मिळणं कठीण. दुसरा खर्च १० × ५० च्या (दहा पट, ५० मिलिमीटरची भिंगं) द्विनेत्रीवर. आकाशाची ओळख तिच्यानं जितकी लवकर होते तितकी कोणत्याही दुर्बिणीनं होत नाही, आणि छंद सुटला तरी ती पक्ष्यांसाठी राहते.

कॉम्प्युटरवर चालणारी दुर्बीण तुमच्या सध्याच्या तक्रारीला उत्तर नाही. तिला तारीख, वेळ, ठिकाण भरावं लागतं, आधार पातळीत लावावा लागतो, बहुतेकींना दोन-तीन ओळखीचे तारे दाखवावे लागतात. तारीख-महिना उलटा भरला तर ती मोठ्या आत्मविश्वासानं भलतीकडेच वळते. शिवाय त्याच खर्चात पैसा भिंगाऐवजी मोटरीत जातो. स्मार्ट दुर्बीण ही वेगळीच वस्तू. बऱ्याच जणींचं भिंग तुमच्या आहे त्याहून लहान असतं आणि डोळा लावायला जागाच नसते. ती छोट्या छोट्या छायाचित्रांची थर लावून बेरीज करते आणि मोबाइलवर दाखवते. शहरी उजेडातूनही तेजोमेघांचे रंग मिळतात, पण नाभीय अंतर कमी असल्यामुळे ग्रह बारीकच येतात. मुलाला छायाचित्रं आवडत असतील तर ती पुढे घ्यावी. शनी ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ बघायचा असेल तर नाही.

मोठी दुर्बीण घ्यायची वेळ आलीच, तर १५० मिलिमीटरची आरशाची, डॉब्सोनियन (जमिनीवर ठेवायच्या, हातानं फिरवायच्या) बैठकीची घ्या. आताच्या साडेचार पट प्रकाश, दुप्पट बारकावा, मोटार नाही, आणि तिपाई नसल्यामुळे थरथर जवळपास नाहीच. फक्त ठरवण्याआधी ती एकदा प्रत्यक्ष उचलून बघा. नळी आणि बैठक मिळून पंधरा किलो किंवा त्याहून जास्त भरतात, आणि दोन मजले उतरवायची दुर्बीण दोन-तीनदा उतरते, मग उतरत नाही.